बायोडाटातले सरळ केस

"टेस्टबिस्ट राहू द्या संध्याताई, मशीन गरम करा. उद्या अकराले पाहुणे येऊन राह्यले."

शनिवारी दुपारी मयुरीची आई माझ्या पार्लरमध्ये उभ्या उभ्याच बोलली. मयुरी खुर्चीत बसली होती. मी तिच्या कानामागचा एक केस ओला केला आणि दोन्ही हातांच्या बोटांत धरून ताणला. चांगला केस ओला असताना रबरासारखा थोडा ताणला जातो आणि सोडला की जागेवर येतो. हा नुसता लांबतच गेला आणि तुटला. दुसरा घेतला. तोही तुटला. भांगाजवळचा तिसरा तर ताणायच्या आधीच हातात आला.

"वहिनी, आज स्ट्रेटनर लावता येणार नाई," मी म्हटलं.

"काऊन?"

"केसात काही राह्यलंच नाई. मशीन लावली तर गळून खाली पडतीन."

"एक दिवसाचं तर काम आहे. उद्याचा कार्यक्रम होऊ द्या, मग करजा काय तुमचं औषधपाणी."

पाहुणे म्हणजे मुलगी पाहायला येणारे. मयुरी सव्वीस वर्षांची. वर्ध्याच्या एका दवाखान्यात लॅब टेक्निशियन आहे. रक्त काढते, तपासते, रिपोर्ट लिहिते. रोज देवळीहून बसनं जाणं-येणं. वडील तहसीलमध्ये क्लार्क. पोरगी शिकलेली, कमावती, बोलायला गोड. पण केस कुरळे. आणि "कुरळ्या केसाची पोट्टी भांडखोर असते" असं आमच्याकडे अजूनही बोलतात. माझ्या तोंडावर बोलतात, आणि माझेही केस कुरळे आहेत. आता मी भांडखोर आहे ही गोष्ट वेगळी.

मी देवळीत एकवीस वर्षांपासून पार्लर चालवते. मयुरीसारखे केस मी दुसऱ्या कोणाचे पाहिले नव्हते. कमरेपर्यंत लांब आणि दाट. वेणी घातली तर एका मुठीत मावायची नाही.

दीड वर्षापूर्वी तिच्या आईनं तिला बायोडाटाच्या फोटोसाठी माझ्याकडे आणलं होतं. बायोडाटा म्हणजे लग्नाचा. जन्मवेळ, उंची, वर्ण, मामाचं गाव आणि कोपऱ्यात फोटो. "केस सरळ करून द्या, फोटोत भरून दिसले पाहिजे," आई म्हणाली. मी करून दिले. माझी सिरॅमिक पट्ट्यांची मशीन, कमी गरमीवर, आधी केस वाचवणारं क्रीम लावून. दोन तास लागले. फोटो असा आला की फोटोवाल्यानंही एक कॉपी आपल्या दुकानात लावली.

चूक तिथंच झाली, आणि ती माझीही होती. तो फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर हिंगणघाट, आर्वी, पुलगाव, नागपूर, जिथं जिथं सोयरे आहेत तिथं गेला. मग पाहुणे यायला लागले. फोटोतली पोरगी सरळ केसांची, म्हणजे पोहे घेऊन बाहेर येणारीही सरळ केसांचीच पाहिजे. फोटो खोटा ठरू नये म्हणून दर वेळी केस खोटे करायचे. सात वेळा मी स्वतः करून दिले. चौथ्या वेळी टोकं दुभंगलेली दिसली तेव्हा मी थांबायला पाहिजे होतं. थांबले नाही. ठरलेलं गिऱ्हाईक, आई ओळखीची, पोरीचं लग्नाचं काम, कुठं तोंड वाईट करायचं, असा विचार केला. त्याची लाज मला अजून वाटते.

पण सात वेळानं केस एवढे मरत नाहीत. म्हणून त्या शनिवारी मी मयुरीला विचारलं, "घरी काय करतं तू याले?"

ती आरशात आईकडं पाहायला लागली.

"आईले काय पाहतं? मले सांग."

"रोज मशीन करते मावशी. ड्यूटीले जायच्या आधी."

"रोज?"

"रोजच लागते ना," आई मधात बोलली. "लोकं काय घरी येऊनच पाहतात का? आजकाल आधी चुपचाप चौकशी करतात. कोणाची मामी बसस्टॉपवर उभी राहून पाहते. कोणी दवाखान्यात रक्त तपासायच्या बहाण्यानं येते. पुलगाववाले असेच आलते. आपल्याले थोडीच माहीत राहते कोण पाहून राह्यलं ते!"

म्हणजे पाहा. ही पोरगी सकाळी साडेसहाला उठून, कुठल्या तरी अनोळखी मामीनं बसमध्ये पाहिलं तर काय, म्हणून रोज डोकं भाजून घेत होती. दिवाळीपासून. मी मनात महिने मोजले तर आठ भरले. डोकं गरमच झालं माझं.

"कोणती मशीन आहे घरी?"

आईनं पिशवीतून काढून टेबलावर ठेवली. मोठ्या कौतुकानं. "ऑनलाइन मागवली. तुमच्याहून भारी आहे. तुमची एकशे ऐंशी डिग्रीवर थांबते, ही दोनशे तीसवर जाते."

मी ती उलटसुलट करून पाहिली. टायटॅनियमच्या रुंद पट्ट्या आणि एकच बटण. चालू किंवा बंद. कमी-जास्त करायची सोयच नाही. लावली की थेट दोनशे तीस.

इथं थोडं समजावून सांगते, कारण ही चूक घरोघरी होते. स्ट्रेटनर घेताना लोक आकडा पाहतात, जसा कुकर घेताना लिटर पाहतात. जास्त म्हणजे चांगला. तसं नसतं. आधी आपला केस पाहायचा. एक केस अंगठा आणि बोटामध्ये धरून फिरवायचा. दोऱ्यासारखा जाणवला तर जाड केस. काहीच जाणवलं नाही तर बारीक. जाड आणि धडधाकट केस एकशे नव्वद-दोनशे सोसतो. मधला एकशे सत्तर-ऐंशी. बारीक केसाला दीडशेच्या वर जायचंच नाही, आणि रंगवलेल्या केसाला तर त्याहून सांभाळून. पट्टी सिरॅमिकची असेल तर गरमी सारखी पसरते. टायटॅनियम लवकर तापतं आणि ताप केसात झपकन सोडतं. राठ केसावर, शिकलेल्या हातात ते ठीक. बारीक केसावर रोज म्हणजे हाल.

आणि सगळ्यात मोठा गैरसमज म्हणजे कुरळे म्हणून राठ. मयुरीचे केस दाट होते, कुरळे होते, पण एकेक केस बारीक. रेशमाच्या दोऱ्याहून बारीक. तिच्या आईनं डोंगर पाहिला, खडा पाहिला नाही.

यात माझंही पाप आहे, तेही सांगून टाकते. त्या पहिल्या फोटोच्या वेळी आईनं मला विचारलं होतं, "संध्याताई, कोणती मशीन घेऊ पोरीसाठी?" मी उडवून लावलं. "घरी जमत नाई वहिनी, इथंच येत जा." घरी जमायला लागलं तर गिऱ्हाईक जाईल, आम्ही पार्लरवाल्या सगळ्या असंच करतो. दोन वाक्यं सांगितली असती की बटण फिरवून गरमी कमी करता येते तीच घ्या, बारीक केसाला दीडशेच ठेवा, तर ही टेबलावरची लेकाची भट्टी त्यांच्या घरात आलीच नसती.

"वहिनी, हे फेकून द्या," मी म्हटलं. "यानं पोरीच्या डोक्याची राख करून राह्यले तुम्ही."

"मी काय येडी आहो का?" ती चिडली. "तशीच थोडी फिरवते! आधी चांगलं तेल चोपडून देते मी. तव्याले तेल लावल्यावर पोळी चिकटते का?"

मी मशीन टेबलावर ठेवली.

"तेल लावून मशीन?"

"मग! केस जळू नये म्हणून."

"अवो वहिनी, गरम तेलात भजे तळतात! तुम्ही पोरीचे केस तळून राह्यले!"

पार्लरमध्ये आयब्रोसाठी बसलेल्या दोघी हसल्या. त्यांचं हसणं आईला झोंबलं. तिचा चेहरा उतरला आणि मग कडक झाला. मी आवाज खाली आणला. म्हटलं, उद्या सकाळी आठला पोरीला पाठवा. केस धुऊन, हलकं जेल लावून, ड्रायरला जाळीचं पसरट तोंड लावते. त्याला डिफ्युझर म्हणतात. त्यानं वारा एका जागी न बसता पसरून लागतो. गरमी अगदी कमी. कुरळे केस कुरळेच, पण नीट बसलेले दिसतील. सुंदर दिसेल पोरगी.

"अन् फोटो?"

"फोटोचं काय?"

"फोटोत सरळ, सामने कुरळी. पाहुणे म्हणतीन आम्हाले फसवलं."

"फसवलंच आहे ना मग!"

झालं. आई पर्स उचलून उभी राहिली. "देवळीत तुमचं एकच पार्लर नाई आहे."

"जा ना मग," मी म्हटलं. "कोण अडवून राह्यलं?"

रागाच्या भरात बोलून गेले. मयुरी खुर्चीतून उठली, गळ्यातलं कापड काढून नीट घडी करून ठेवलं आणि आईच्या मागं गेली. सव्वीस वर्षांची पोरगी, दवाखान्यात दिवसाला साठ-सत्तर लोकांना सुई टोचते, आणि स्वतःच्या डोक्याबद्दल तिला तोंड नाही. त्या दिवशी मला आईपेक्षा तिचाच जास्त राग आला होता.

रविवारी सव्वानऊला मी शटर उचलत होते, तर स्कूटी येऊन थांबली. मयुरी. तोंडाला, डोक्याला स्कार्फ गच्च बांधलेला. आत आली, खुर्चीत बसली आणि स्कार्फ सोडला.

मी "अगं बाई" म्हणून भिंतीला टेकले.

उजव्या बाजूची, भांगाजवळची अख्खी बट गेली होती. चार बोटांएवढे केस उभे राहिले होते, त्यांची टोकं पांढरट, गोळा झालेली, नायलॉनचा दोरा पेटवल्यावर होतो तशी. उरलेले केस तेलकट, चिकट, काठीसारखे. वास पार्लरभर झाला. आणि कानाच्या पाळीवर फोड. गरम तेल ओघळून तिथं उतरलं होतं. मयुरीनं पर्समधून कागदाची पुडी काढली. त्यात ती बट होती. का आणली होती कोण जाणे. मला म्हणाली, "सकाळी आई मशीन फिरवत होती, तं पट्टीलेच चिकटून आली मावशी."

तिनं रडायला पाहिजे होतं, पण रडत नव्हती. मी कानावर थंड पाणी सोडत राहिले.

पाच मिनिटांनी आई आणि बाबा मोटारसायकलवर आले. आईच्या हातात प्लास्टिकची पिशवी. पिशवीत बाजारातले नकली केस, क्लिपनं लावायचे.

"संध्याताई, कालचं सोडा," ती आत येता येता म्हणाली. "हे लावून द्या अन् जुळवायले एकदा वरून मशीन फिरवा. पाहुणे जाम चौरस्त्याहून निघाले, आता फोन आलता. तासा-दीड तासात पोहोचतीन."

"काय फिरवा?"

"मशीन. हलक्या हातानं."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी काय काय बोलले ते सगळं इथं लिहिण्यासारखं नाही. एवढं आठवतं की मी म्हटलं, "पोरीचा कान भाजला तो दिसून राह्यला का तुम्हाले? का पाहुणे आल्यावरच दिसन? अन् ही क्लिप कशाले लावू, टकलाले? केस पकडायले केस तर पाहिजे ना! स्वतःच्या पोरीचं डोकं आहे ते, लग्नाच्या मांडवाचं तोरण नाई, इकडून तुटलं की तिकडून बांधलं!"

"लग्न जमलं नाई तर तुम्ही जमवून देसान का?" तीही ओरडली. "सात ठिकाणावरून नकार आला! काय सांगू मी लोकाले?"

आणि तिचा आवाज फाटला. तेव्हा मला पहिल्यांदा दिसलं की ही बाई दुष्ट नाही, घाबरलेली आहे. पण माझा राग त्यानं कमी झाला नाही. घाबरलेल्या माणसाच्या हातातही मशीन दोनशे तीसवरच असते.

"आई," मयुरी म्हणाली, "तू बाहेर बस."

"अवं पण..."

"बाहेर बस. बाबा, घेऊन जा तिले."

बाबा दारातच उभे होते. त्यांनी बायकोचा दंड धरला. जाता जाता पोरीला विचारलं, "फोन करून सांगू का पाहुण्याले, नका येऊ म्हणून?"

"येऊ द्या. पोह्याचे कांदे चिरून आलो ना आपण."

दार लागलं. मयुरी आरशात माझ्याकडं पाहून म्हणाली, "कापून टाक मावशी."

"किती?"

"जळलेलं सगळं."

जळलेला केस दुरुस्त होत नाही, हेही इथंच सांगते. जाहिरातीत काहीही सांगू देत. क्रीम, सिरम, मास्क वरून चमक देतात, आतला मोडलेला केस सांधत नाहीत. मेलेल्या केसाला औषध एकच, कैची. तिचे मुळापासून चारेक इंचच बरे होते. आई पट्टी मुळापर्यंत नेत नव्हती, चटका बसेल म्हणून, तेवढे वाचले होते. मी तिला सांगितलं, मानेच्या वर जातील. पुढं तर आणखी आखूड करावे लागतील, तुटलेल्या बटेला जुळवून घ्यायला. एकदा विचार कर.

"आठ महिने विचारच करून राह्यली," ती म्हणाली.

मी कापायला लागले. कमरेपर्यंतचे केस. कैची चालताना आवाजही वेगळा, कोरड्या तणसासारखा. खाली ढीग झाला तसं मलाच रडू यायला लागलं, आणि रडू आलं की मला राग येतो, म्हणून मी कापता कापता तिलाच रागवत होते. "पहिल्या दिवशीच तोंड उघडलं असतं तर काय झालं असतं? जीभ लॅबमध्ये ठेवून येतं का?" ती हसली. खरंच हसली. मग दोनदा तेल निघायच्या शाम्पूनं धुतले, जेल लावलं, डिफ्युझर लावून गार हवेवर वाळवले. वीस मिनिटांत ते चार इंच आपोआप वळायला लागले. एकेक रिंग वर चढत गेली. कोणी शिकवलं नव्हतं त्यांना, त्यांचा स्वभावच तो.

कानाच्या फोडावर मलम लावलं. मयुरी बाहेर आल्यावर आईनं पाहिलं आणि तोंडावर पदर घेतला. बाबा पाहून म्हणाले, "लहानपणी अशीच दिसे." मग घड्याळ पाहिलं आणि मोटारसायकल चालू केली.

कार्यक्रमाला मी नव्हते. मयुरीनं संध्याकाळी येऊन सांगितलं. पोहे झाले, चहा झाला, कांदापोह्याला जे ठरलेले प्रश्न असतात ते झाले. मुलगा मोबाइल आणि जमीन यांच्या मधात पाहत होता. मग मुलाच्या आत्यानं विचारलं, "फोटोत तर केस लांब अन् सरळ होते ना?"

मयुरीची आई म्हणणार होती की ताप आलता म्हणून कापले. तिनं तोंड उघडलंही. पण मयुरी आधी बोलली.

"ते मशीनचे होते आत्या. माये असे आहेत."

आत्यानं पोह्याची प्लेट खाली ठेवली. बाबांनी जिलेबी पुढं केली.

मंगळवारी नकार आला. कारण काय सांगितलं? "पोरीले काही बिमारी असन, म्हणून केस कापले." म्हणजे केस सरळ करून दाखवले तर खरं, आणि खरे दाखवले तर बिमारी! धन्य आहे बाप्पा या लोकांची. स्वतःचा पोट्टा तोंड वर करून दोन शब्द बोलला नाही, त्याची तपासणी कोणी करायची?

बुधवारी मयुरीची आई माझ्या पार्लरमध्ये आली. तीन गिऱ्हाईकं बसली होती. त्यांच्यासमोर म्हणाली, "तुमच्या कैचीनं माया पोरीचं लग्न मोडलं."

मी हातातलं काम खाली ठेवलं. "वहिनी, लग्न जमलं नव्हतं तर मोडन कसं? मोडले ते केस. अन् ते तुमच्या तेलानं अन् माया चूप बसण्यानं मोडले. माया वाट्याचं मी कबूल करते. तुमच्या वाट्याचं तुम्ही करा."

ती गेली. तीन महिने माझ्या दुकानासमोरून तोंड फिरवून जात होती. गावात सांगितलं की संध्या कैचीवाली आहे, तिच्याकडे पोरी नेऊ नका. दोन नवरीची कामं गेली माझी. जाऊ द्या.

त्यानंतर काही दिवसांनी मयुरी एकटीच आली. नवीन बायोडाटा करायचा होता, त्यासाठी फोटो. मी फक्त पाणी फवारलं आणि बोटांनी रिंगा बसवल्या. पाच मिनिटांचं काम. तिनं मोबाइलवर बायोडाटा दाखवला. स्वतः टाइप केला होता. उंची, वर्ण, रक्तगट. त्याखाली तिनं एक नवीन ओळ घातली होती. केस: कुरळे.

"आई चिडली ही ओळ पाहून," ती म्हणाली.

"मग?"

"मग काय. चिडू दे."

लग्न अजून जमलेलं नाही. केस खांद्याला लागले आहेत. ती भट्टी बाबांनी भंगारवाल्याला देऊन टाकली.

आता माझ्याकडे कोणी स्ट्रेटनर कोणता घेऊ म्हणून विचारलं तर मी सगळं सांगते, गिऱ्हाईक गेलं तर गेलं. केस बोटात धरून पाहा, गरमी कमी-जास्त करायच्या बटणाची मशीन घ्या, कमी आकड्यापासून सुरू करा, तेल लावून कधीच नाही. आणि पोरीसोबत आई आली असेल तर आईला बाहेर बसवते आणि पोरीला विचारते, तुले पाहिजे का? मशीन कोणती, हे केस पाहून ठरतं. लावायची की नाही, हे ज्याचं डोकं त्यानं सांगावं. एवढी गोष्ट कळायला मला एकवीस वर्षं लागली, आणि एका पोरीचे कमरेपर्यंतचे केस.